नॅलोक्सोन : शेजारच्या माणसाच्या हातातले औषध

मागच्या अंकात कॅनडातील औषध दुकानांच्या कामकाजाविषयी लिहिताना, ऑन्टॅरिओ प्रांतात अफूच्या कुळातील द्रव्यांच्या ओव्हरडोसवर (अतिमात्रेवर) द्यायचे नॅलोक्सोन हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि विनामूल्य मिळते, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला द्यावे, असे संपादकांनी आणि मी ठरवले. मी येथे फार्मसिस्ट म्हणून काम करते आणि या औषधाची पेटी काउंटरवरून लोकांच्या हाती देणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे; उत्तरे त्याच अनुभवातून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे व ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न (एक आई, नाशिक) : माझा मुलगा गेल्या वर्षी ऑन्टॅरिओतील एका कॉलेजात शिकायला गेला. परवा व्हिडिओ कॉलवर त्याच्या टेबलावर एक छोटी काळी पेटी दिसली. विचारले तर म्हणाला, “अगं, ते नॅलोक्सोन आहे. ड्रग्जचा ओव्हरडोस झाला तर देतात. कॉलेजात वाटत होते, घेऊन ठेवले.” त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. त्याचे बाबा म्हणतात, सरळ परत बोलावून घे. तो काही घेत असेल का? आडपडदा न ठेवता सांगा.

उत्तर : ताई, पेटी जवळ असण्यावरून मुलगा व्यसनी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, हे सर्वांत आधी सांगते. तसे का म्हणते तेही सविस्तर सांगते, कारण नुसत्या दिलाशाने तुमची झोप परत येणार नाही.

अफू, मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, ऑक्सिकोडोन, हेरॉइन आणि फेंटॅनिल ही सगळी एकाच कुळातली द्रव्ये असून त्यांना ओपिऑइड म्हणतात. ती मेंदूतील ठरावीक जागांवर जाऊन बसतात, वेदना कमी करतात, गुंगी आणतात आणि मात्रा जास्त झाली की श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या केंद्रालाच मंद करतात. माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो, श्वास हळूहळू विरळ होत जातो, मग थांबतो, आणि प्राणवायूअभावी काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. गर्दीच्या लोकलमध्ये एखाद्याने बसलेल्याला उठवून त्याची जागा घ्यावी, तसे नॅलोक्सोन ओपिऑइडला त्या जागेवरून उठवते आणि स्वतः तेथे बसते. दोन-तीन मिनिटांत श्वास पुन्हा सुरू होतो. मात्र नॅलोक्सोन स्वतः 30 ते 90 मिनिटांतच उतरून जाते, आणि ओपिऑइड तोवर डब्यात उभेच असेल तर ते पुन्हा जागा पकडू शकते. म्हणूनच औषध दिल्यावरही रुग्णवाहिका बोलवावीच लागते.

आता या औषधाची खरी गोम लक्षात घ्या. ज्याला त्याची गरज पडते तो बेशुद्ध असतो. तो ते स्वतःला देऊ शकत नाही. त्यामुळे नॅलोक्सोन नेहमीच दुसऱ्या कोणासाठी तरी बाळगले जाते. तुमच्या मुलाच्या टेबलावरची पेटी त्याच्या खोलीतील मित्राच्या, वर्गातील मुलीच्या किंवा बसथांब्यावर कोसळलेल्या अनोळखी माणसाच्या उपयोगाची आहे, आणि त्याच्या मित्राकडे अशीच पेटी असेल तर ती तुमच्या मुलाच्या उपयोगाची आहे.

कॉलेजात ती का वाटतात, हेही तुम्हाला ठाऊक असायला हवे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 14 एप्रिल 2016 रोजी ओव्हरडोसमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, आणि जानेवारी 2016 पासून कॅनडाभरात ओपिऑइडमुळे 50,000 हून अधिक लोक मरण पावले आहेत. यांतील बहुतांश मृत्यू अपघाती आहेत. बेकायदा बाजारातील मालात आता फेंटॅनिल मिसळलेले असते. ते हेरॉइनपेक्षा सुमारे 50 पट तीव्र असते आणि त्याचा चिमूटभर अंशही जीवघेणा ठरतो. औषध कंपनीच्या गोळीसारख्या हुबेहूब दिसणाऱ्या बनावट गोळ्यांतही ते सापडते. परीक्षेच्या ताणात कोणी मित्राकडून झोपेची म्हणून एक गोळी घेतली, तर त्या गोळीत नेमके काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि ज्याच्या शरीराला ओपिऑइडची मुळीच सवय नाही त्याला धोका सर्वांत जास्त असतो.

त्यामुळे माझे म्हणणे असे की पेटी टाकून दे, असे त्याला सांगू नका. पुढच्या कॉलवर ती उघडून दाखवायला सांगा आणि कशी वापरतात ते त्याच्याकडून समजून घ्या. जो मुलगा आईने विचारताच लपवाछपवी न करता खरे काय ते सांगतो, त्याच्याशी बोलण्याची वाट तुमच्यासाठी मोकळी आहे. संशयाने ती बंद करू नका. आणि तो काही घेत असल्याचे उद्या खरोखरच कळले, तर ती पेटी त्याच्याजवळ असणे अधिकच गरजेचे ठरेल.

प्रश्न (एक विद्यार्थी, किचनर) : ताई, आम्ही पाच जण एका बेसमेंटमध्ये राहतो. आमच्यातला एक जण शनिवार-रविवारी काहीतरी घेतो, काय ते तो सांगत नाही. एकदा तो इतका गाढ झोपला की हलवूनही उठेना. पहाटे आपोआप जागा झाला. पुन्हा तसे झाले तर नेमके काय करायचे? 911 ला फोन केला तर पोलीस येतील, आणि आम्ही सगळे स्टुडंट व्हिसावर आहोत, म्हणून सगळेच घाबरतात.

उत्तर : “झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल” हे वाक्य तुमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या पहाटे तुमचा मित्र जागा झाला हे त्याचे नशीब. अनेक मृत्यू अगदी असेच, शेजारच्या खोलीत माणसे असताना, झोप समजून होतात.

झोप आणि ओव्हरडोस यांतला फरक असा ओळखा. मोठ्याने नावाने हाक मारा, खांदे हलवा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात घासा. झोपलेला माणूस कण्हतो, हात झटकतो. ओव्हरडोस झालेला प्रतिसादच देत नाही. त्याचा श्वास फार विरळ असतो किंवा घशातून घुरघुर, खोल घोरल्यासारखा आवाज येतो, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झालेल्या असतात. ओठ निळे पडतात असे माहितीपत्रकांत लिहिलेले असते, पण आपल्या सावळ्या त्वचेवर तो निळेपणा चटकन दिसत नाही. चेहरा राखेसारखा, करडा वाटतो. तेव्हा ओठांची आतली बाजू, हिरड्या आणि नखे पाहावीत.

अशी शंका आली की आधी 911 ला फोन करून स्पीकर सुरू ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात आणि पलीकडची व्यक्ती सूचना देत राहते. मित्राला पाठीवर उताणे झोपवून त्याचे डोके थोडे मागे करा. पेटीतील नॅलोक्सोनच्या नाकात मारायच्या स्प्रेचे वेष्टन फाडा, नळी दोन बोटांत धरून अंगठा खालच्या दट्ट्यावर ठेवा, टोक एका नाकपुडीत बोटे नाकाला टेकेपर्यंत घाला आणि दट्ट्या पूर्ण दाबा. चालतो की नाही हे पाहण्यासाठी हवेत मारून बघू नका: प्रत्येक नळीत एकच मात्रा असते आणि ती हवेत गेली की गेली. ही चूक घाबरलेल्या माणसाकडून सहज होते, म्हणून मी काउंटरवर प्रत्येकाला ती दोनदा सांगते. औषध काम करेपर्यंत दर पाच सेकंदांना एक याप्रमाणे तोंडाने श्वास द्या; त्यासाठी पेटीत तोंडावर ठेवायचा प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी नळी दुसऱ्या नाकपुडीत वापरा. श्वास सुरू झाला की त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जवळून हलू नका. थंड पाण्याची आंघोळ, मिठाचे पाणी, ताक, लिंबू, गालावर थपडा यांतले काहीही करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात द्रव ओतल्यास तो गुदमरतो.

त्याने नेमके काय घेतले हे माहीत नसले तरी नॅलोक्सोन द्यावे. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा कोकेन यांवर ते चालत नाही, पण ओपिऑइड नसलेल्या शरीरावर त्याचा अपायही होत नाही. नियमित सेवन करणारा माणूस शुद्धीवर येताच चिडेल, घामाघूम होईल, त्याला मळमळेल आणि पुन्हा घ्यावेसे वाटेल. तसे त्याला करू देऊ नका, कारण नॅलोक्सोनचा अंमल उतरल्यावर दोन्ही मात्रांचा परिणाम एकदम होऊ शकतो.

पोलिसांविषयी : कॅनडात 4 मे 2017 पासून गुड समॅरिटन ड्रग ओव्हरडोस कायदा लागू आहे. ओव्हरडोसच्या प्रसंगी मदतीसाठी फोन करणाऱ्याला, ज्याला त्रास होतो आहे त्याला आणि तेथे हजर असणाऱ्यांना, स्वतःच्या वापरापुरता अमली पदार्थ जवळ बाळगल्याच्या आरोपापासून हा कायदा संरक्षण देतो. त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. अमली पदार्थ विकणाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही. तुमच्यापैकी चौघे काही घेतच नसतील, तर फोन न करण्यासाठी तुमच्याकडे कोणतेच कारण उरत नाही.

पेटी कोठे मिळेल? या योजनेत सहभागी असलेल्या कोणत्याही औषध दुकानात. ऑन्टॅरिओत ही योजना जून 2016 पासून सुरू आहे. हेल्थ कार्ड दाखवण्याची सक्ती नाही आणि पैसेही पडत नाहीत. एकाच्या नावावर विसंबू नका, पाचही जणांनी जाऊन घ्या, आणि ती कुलूपबंद कपाटात न ठेवता सर्वांना दिसेल अशा जागी ठेवा. हिवाळ्यात मोटारीत ठेवू नका, कारण उणे 15 अंशांखाली स्प्रे गोठतो आणि ऐन वेळी फवारा उडत नाही. गोठलेला स्प्रे साध्या तापमानाला 15 मिनिटे ठेवल्यास पुन्हा वापरता येतो, पण प्रसंग ओढवला असताना तेवढी वाट पाहत बसू नये. फोन करून श्वास द्यायला लागावे.

आणि त्या मित्राशी बोला, पण तो शुद्धीत असताना. “तू घेणारच असशील तर दार बंद करून एकटा घेऊ नकोस,” एवढे जरी तुम्ही त्याला पटवू शकलात तरी ते फार मोठे काम होईल. ब्रिटिश कोलंबियातील बहुसंख्य मृत्यू घराच्या चार भिंतींच्या आत झाले आहेत, आणि बंद दाराआड पेटीचा काही उपयोग होत नाही.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, ठाणे) : आपल्या लेखातील ते वाक्य वाचून मी अस्वस्थ झालो. मधुमेहाच्या रुग्णाला औषधासाठी पैसे मोजावे लागतात आणि व्यसन करणाऱ्याला सरकार जीव वाचवण्याचे औषध फुकट देते, हा कोणता न्याय? शिवाय, वाचवायला औषध आहे म्हटल्यावर लोक अधिकच निर्धास्तपणे नशा करणार नाहीत का?

उत्तर : सर, आपला पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. मधुमेहाची औषधे कोणालाही परवडावीत यासाठी भांडायला मी आपल्यासोबत उभी राहीन. परंतु एकावरचा अन्याय दूर करण्यासाठी दुसऱ्याचे औषध काढून घेण्याची गरज नाही.

नॅलोक्सोन फुकट का, याचे उत्तर अमेरिकेकडे पाहिले की मिळते. तेथे नाकात मारायच्या 4 मिलिग्रॅमच्या स्प्रेला 2015 मध्ये मान्यता मिळाली आणि मार्च 2023 मध्ये तो चिठ्ठीशिवाय विकण्याची परवानगी मिळाली. परंतु त्या वर्षी दुकानांत आला तेव्हा दोन मात्रांच्या खोक्याची किंमत सुमारे 45 डॉलर होती. आपण स्वतः कधीच न वापरणार असलेल्या, दुसऱ्या कोणाला तरी लागेल न लागेल अशा वस्तूसाठी 45 डॉलर मोजणारे किती जण असतील? खोलीतला मित्र, ग्रंथालयातली कर्मचारी, रस्त्यावर राहणाऱ्याच्या शेजारी झोपणारा दुसरा बेघर, यांच्या हाती औषध पडायला हवे असेल तर ते फुकटच द्यावे लागते, आणि म्हणूनच तेथील अनेक राज्यांची व काउंटींची आरोग्य खाती ते मोफत वाटतात. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2022 पासून ते देशभर विनामूल्य केले, तर स्कॉटलंडने त्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2011 मध्येच हाती घेतला होता.

पैशांइतकीच दुसरी अडचण लाजेची आहे. दुकानात येणारे कित्येक जण गर्दी ओसरेपर्यंत व्हिटॅमिनच्या कपाटाजवळ घुटमळत राहतात, बाटल्या उचलून वाचल्यासारखे करतात, आणि मग हळू आवाजात विचारतात. अशा माणसाकडे ओळखपत्र मागितले, कोणासाठी हवे म्हणून खोदून विचारले, तर तो पुन्हा येत नाही. विनामूल्य, विनाचिठ्ठी आणि विनाचौकशी या तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. त्यांतली एक काढली तरी उरलेल्या दोन्ही लुळ्या पडतात.

आता आपल्या दुसऱ्या शंकेविषयी. नॅलोक्सोनमुळे नशा येत नाही आणि त्याची सवयही लागत नाही. ज्याला ओपिऑइडची सवय आहे, त्याला ते दिल्यावर चढलेला अंमल एका क्षणात उतरतो आणि हातपाय दुखणे, उलट्या, थरथर असा त्रास सुरू होतो. ज्यांनी हा अनुभव एकदा घेतला आहे, ते त्याच्या भरवशावर निर्धास्त होत नाहीत. उलट त्याच्या नावानेच अंगावर काटा येतो असे सांगतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील 19 वस्त्यांच्या आकडेवारीवर आधारित एक अभ्यास 2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य लोकांना प्रशिक्षण आणि नॅलोक्सोन देण्याचे काम जेथे थोडे झाले तेथे ओव्हरडोसचा मृत्यूदर सुमारे 27 टक्क्यांनी, आणि जेथे अधिक झाले तेथे सुमारे 46 टक्क्यांनी कमी आढळला.

आणखी एक गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटते. नॅलोक्सोनच्या शोधाचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी 1961 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1971 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर कितीतरी वर्षे ते रुग्णालयांत आणि रुग्णवाहिकांतच राहिले; शिकागोमधील एका स्वयंसेवी गटाने 1996 च्या सुमारास ते थेट सेवन करणाऱ्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती फार धाडसाची गोष्ट समजली गेली. खुद्द फिशमन यांचा सावत्र मुलगा 2003 मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने मरण पावला. औषध ज्याने शोधले त्याच्या घरातील माणसालाही ते वेळेवर मिळाले नाही, यापेक्षा आणखी काय सांगू? औषध अस्तित्वात असणे आणि ते त्या खोलीत असणे यांत जे अंतर पडते, ते बुजवण्यासाठीच हा सगळा खर्च आहे.

प्रश्न (एक मुलगी, कोल्हापूर) : माझ्या बाबांना कर्करोग आहे. वेदनेसाठी फेंटॅनिलचा पॅच लावतो आणि अधूनमधून मॉर्फिनची गोळी देतो. आपल्या लेखामुळे मला भीती वाटू लागली आहे. मीही नॅलोक्सोन आणून ठेवू का? पॅच बंद करू का?

उत्तर : पॅच बंद करू नका. बाजारातील बनावट गोळीतले फेंटॅनिल आणि डॉक्टरांनी वजन, वेदना व आधीची औषधे पाहून ठरवलेले फेंटॅनिल यांची तुलना होऊ शकत नाही. आपल्या देशात तर अडचण उलट आहे : मॉर्फिन हवे असलेल्या कितीतरी रुग्णांना ते मिळत नाही, आणि ही वाट थोडी सोपी व्हावी म्हणून 2014 मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती करावी लागली. बाबांची वेदना शमते आहे ही चांगली गोष्ट आहे. भीतीपोटी त्यांना ती पुन्हा भोगायला लावू नका.

काळजी घ्यायची ती एवढीच. पॅचवर गरम पाण्याची पिशवी किंवा शेक देऊ नका आणि जास्त ताप आल्यास डॉक्टरांना कळवा, कारण उष्णतेने त्वचेतून औषध वेगाने शरीरात जाते. न विचारता झोपेची गोळी किंवा खोकल्याचे गुंगी आणणारे औषध जोडीला देऊ नका. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका; वापरलेल्या पॅचमध्येही बरेच औषध शिल्लक असते.

नॅलोक्सोन मात्र अशा रुग्णाला घरच्यांनी स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण पूर्ण मात्रा दिल्यास बाबांची दाबून ठेवलेली सगळी वेदना एकदम परत येईल. बाबा हाक मारल्यावर डोळे उघडत असतील आणि श्वास नियमित असेल तर नुसत्या गुंगीला घाबरू नका. उठवूनही उठत नसतील आणि श्वास फार विरळ झाला असेल, तर ताबडतोब त्यांच्या वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. ते अत्यंत थोड्या, विरल केलेल्या मात्रेत नॅलोक्सोन देऊ शकतात. असा प्रसंग आल्यास काय करायचे आणि रात्री फोन कोणाला करायचा, हे त्यांच्याकडून आजच कागदावर लिहून घ्या.

प्रश्न (मराठी मंडळाचे कार्यकर्ते, मिसिसागा) : आमच्या गणेशोत्सवाला सभागृहात मोठी गर्दी असते. प्रथमोपचाराच्या पेटीत नॅलोक्सोन ठेवावे असे मी सुचवले, तर कार्यकारिणीतील ज्येष्ठांनी “आपल्या लोकांत असले काही नसते, उगाच चर्चा होईल” असे म्हणून विषय मिटवला. मी काय उत्तर द्यावे?

उत्तर : त्यांना एवढेच विचारा की गुडघ्याची किंवा दाताची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या घरी वेदनाशामक गोळ्यांची उरलेली बाटली आहे की नाही. आजीच्या पर्समधील तशी एखादी गोळी नातवाने खाऊ समजून तोंडात टाकली, तरी तो ओव्हरडोसच असतो, आणि नॅलोक्सोन लहान मुलांनाही देता येते. शिवाय सभागृहाच्या वाहनतळावर, प्रसाधनगृहात कोण कोसळेल हे आपल्या हाती नसते. आपल्या लोकांत असले काही नसते, हे म्हणणे मला खोटे तर वाटतेच, पण त्याहून जास्त क्लेशदायक वाटते, कारण ज्या घरात हा प्रश्न आहे ते कुटुंब त्याच सभागृहात बसून हे वाक्य ऐकत असते आणि मग कोणाजवळच बोलत नाही.

व्यवहाराचे म्हणाल तर दोन-तीन स्वयंसेवकांनी जवळच्या औषध दुकानातून पेटी घ्यावी आणि फार्मसिस्टकडून दहा-पंधरा मिनिटे वापर समजून घ्यावा. नाकातील स्प्रेच्या पेटीत दोन मात्रा, हातमोजे, श्वास देण्याचा पडदा आणि सूचनापत्र असते. ऑन्टॅरिओच्या 2001 च्या गुड समॅरिटन कायद्यानुसार, सद्भावनेने तातडीची मदत करणाऱ्या स्वयंसेवकाला नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण आहे. आणि जेथे कर्मचाऱ्याला ओव्हरडोस होण्याचा धोका आहे अशा कामाच्या ठिकाणी ही पेटी ठेवणे येथील मालकांना 1 जून 2023 पासून बंधनकारकच आहे. तेव्हा उत्सवाच्या प्रथमोपचारात ती असण्यात बोलण्यासारखे काही नाही.

प्रश्न (समाजकार्याची विद्यार्थिनी, पुणे) : महाराष्ट्रात असे काही आहे का? नसेल तर आम्ही काय करू शकतो?

उत्तर : महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द (हेरॉइनचाच एक भेसळयुक्त प्रकार) पसरले तेव्हा किती घरे उद्ध्वस्त झाली, हे त्या पिढीला आठवते; पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले ते त्याच काळात. केंद्र सरकारच्या वतीने एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात ओपिऑइड घेणाऱ्यांची संख्या सुमारे 2.26 कोटी आहे, आणि ज्या मोजक्या राज्यांत त्यामुळे अडचणीत आलेल्यांची संख्या मोठी आहे त्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे.

भारतात नॅलोक्सोन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहे, परंतु ते प्रामुख्याने इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि रुग्णालयात वापरले जाते. ओव्हरडोस पाहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येऊ शकतो त्या सर्वांना, म्हणजे मित्रांना, नातेवाइकांना आणि वस्तीतील कार्यकर्त्यांना, ते उपलब्ध असावे आणि वापरायला शिकवलेले असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच केली आहे. मणिपूर आणि नागालँडमध्ये व्यसनग्रस्तांसोबत काम करणाऱ्या संस्थांनी हे औषध वस्तीपातळीवर नेऊन दाखवले आहे, त्यामुळे आपल्या देशात हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. तुम्ही ज्या संस्थेत काम कराल तेथील डॉक्टरांसमोर आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर हा मुद्दा लेखी मांडा.

औषध हाती नसतानाही एक गोष्ट करता येते, आणि ती शिकवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ओव्हरडोसमध्ये श्वास थांबल्याने जीव जातो, त्यामुळे 108 किंवा 112 ला फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत दर पाच सेकंदांना एक श्वास देत राहिल्यास माणूस वाचू शकतो. हे वस्तीतील मुलांना प्रत्यक्ष करून दाखवा. व्यसन सोडण्यासाठी मदत हवी असलेल्यांना 14446 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक द्या.

सर्वांत आधी मात्र व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्यांच्या कुटुंबांकडे लक्ष द्या. काही आठवडे पदार्थापासून दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, आणि घरी परतल्यावर पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतली तर तीच जीवघेणी ठरते. तुरुंगातून सुटणाऱ्यांच्या बाबतीतही असेच घडते. घरची मंडळी त्या दिवशी आनंदात असतात आणि त्यांना हे सांगायला कोणालाच बरे वाटत नाही. तरीही ते डिस्चार्जच्या दिवशीच, आई-वडिलांना किंवा पत्नीला शेजारी बसवून, बारीक बाहुल्या, घुरघुर आणि विरळ श्वास या खुणांसह समजावून सांगितले पाहिजे, आणि श्वास कसा द्यायचा हे त्यांच्याकडून एकदा करून घेतल्याशिवाय त्यांना घरी पाठवू नये.